‘जैन’ लिहिलेला पुडा



“काय करणार, मुलांना तेच आवडतं.” आपल्या बायकांच्या गप्पांत हे वाक्य इतक्यांदा येतं की आता त्यावर कुणी थांबतही नाही. घरात केळी काळी पडतात, सफरचंदं सुरकुततात, आणि शेवेचा डबा मात्र आठवड्यातून दोनदा भरावा लागतो. मग एक सुस्कारा आणि हे वाक्य. ‘मुलांना’च्या जागी कधी ‘ह्यांना’ येतं, कधी ‘मामंजींना’. अर्थ एकच, जीभ ऐकत नाही, आम्ही काय करणार?

मला हे वाक्य मान्य नाही. खारट, चटपटीत, कुरकुरीत खाणं जिंकतं त्यात जिभेचा वाटा आहेच. पण त्या जिभेला वळण कुणी लावलं, तिच्या हाताशी काय ठेवलं, हे कुणी विचारत नाही. आणि आपल्या जैन घरांत तर वर आणखी एक सोय झाली आहे. पुड्यावर ‘जैन’ हा शब्द दिसला की आपली चौकशी तिथेच संपते. आज मला त्या शब्दाशी भांडायचं आहे.

आधी आपल्या ओळखीची घरं डोळ्यांसमोर आणा. दारू नाही, तंबाखू नाही, मांसाहाराचा तर प्रश्नच नाही. पुष्कळ घरांत सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही. एवढा संयम पाळणाऱ्या घरातसुद्धा चाळिशी उलटते न उलटते तोच कुणाची ना कुणाची बीपीची गोळी सुरू झालेली असते. डॉक्टर विचारतात, “मीठ जास्त खाता का?” आपण ठामपणे सांगतो, “छे हो, वरून मीठ घेतच नाही आम्ही.” खरं आहे, वरून घेत नाही. ते शेवेतून येतं, पापडातून येतं, लोणच्यातून, खाऱ्या शेंगदाण्यांतून, मसाला खाखऱ्यातून येतं. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असतं, ते तर आपण मोजतच नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, आणि त्यात दिवसभराची आमटी, भाजी, भाकरी, लोणचं सगळं आलं. भारतीय माणूस सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास खातो, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत दिसलं. पुड्यावर मीठ असं लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. त्याचा हिशेब सोपा आहे. सोडियमचा आकडा अडीचने गुणायचा, की मीठ किती ते कळतं. समजा पुड्यावर १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय. म्हणजे २ ग्रॅम मीठ. टीव्हीसमोर बसून चौघांनी मिळून २०० ग्रॅमचा पुडा संपवला तर प्रत्येकाच्या वाट्याला १ ग्रॅम आलं. जेवणाचा वाटा अजून बाकीच आहे.

आणि हो, “आम्ही सैंधव वापरतो” हे उत्तर देऊ नका. सैंधवातसुद्धा मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. रंग गुलाबी असला म्हणून रक्तदाबाला ते वेगळं वाटत नाही.

आता जिभेकडे येऊ. नुकत्या जन्मलेल्या बाळाला गोड आवडतं, पण खारटाची ओढ त्याला नसते. ती चार ते सहा महिन्यांच्या सुमाराला दिसू लागते, आणि किती खारट म्हणजे ‘बरोबर’, हे पुढे घरातल्या ताटावर ठरत जातं. १९८२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तरुण माणसांना काही महिने कमी मिठाचं जेवण दिलं. सुरुवातीला त्यांना ते अळणी लागलं. पण दोन-तीन महिन्यांत त्यांची जीभच बदलली, आणि आधी जे छान वाटत होतं ते त्यांना खारट लागायला लागलं. म्हणजे जिभेची सवय ही कुणाच्या नशिबात लिहिलेली नसते. लावली तशी ती मोडताही येते. “त्याला तेच आवडतं” असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर “त्याला तेच मिळत आलंय” असं म्हणायला हवं.

मग तेच का मिळत आलं? याचं उत्तर द्यायला कुठल्या शास्त्रज्ञाची गरज नाही, स्वयंपाकघरात उभं राहून बघितलं की पुरे. डाळिंब सोलावं लागतं. मूग आदल्या रात्री आठवणीने भिजत घालावे लागतात. काकडी चोचवायची, कोशिंबीर करायची, पपई चिरून बिया काढायच्या, या प्रत्येक कामाला एक माणूस लागतं, आणि ते माणूस कोण असतं हे तुम्हाला ठाऊक आहे. चिवड्याला काय लागतं? डब्याचं झाकण उघडायला एक हात. संध्याकाळी साडेपाचला भूक लागलेल्या माणसासमोर एकीकडे न सोललेलं डाळिंब आणि दुसरीकडे उघडा डबा असेल तर डबाच जिंकणार. घरातल्यांची निवड झालेली असते ती तयार आणि बिनतयार यांच्यातली, आणि आपण तिला पौष्टिक आणि चविष्ट यांची लढाई म्हणतो.

म्हणून डॉक्टर जेव्हा म्हणतात, “घरी पौष्टिक खा,” तेव्हा ते वाक्य सगळ्या घराला सांगितल्यासारखं वाटलं तरी प्रत्यक्षात ते एकाच बाईला सांगितलेलं असतं. तिच्या दिवसात आणखी एक काम वाढतं. ती थकलेली असते, आणि ‘जैन’ लिहिलेला पुडा तिला म्हणतो, “तू बस, मी आहे.” तिने तो आणला तर मी तिला दोष देणार नाही. माझं भांडण आहे ते जे खातात आणि सोलत नाहीत त्यांच्याशी. ज्याला फोडता येते ती शेंग, ज्याला सोलता येतं ते संत्रं, त्याने स्वतः घ्यावं, दुसऱ्याला द्यावं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला डाळिंब सोलता येतं. बावन्न वर्षांच्या बाप्याला तर नक्कीच येतं.

दुसरी गोष्ट मानाची. आपल्याकडे पाहुणा आला की काय पुढे येतं? शेव, चिवडा, चकली, फार तर एक वडी. आणि फळं कधी नेतो आपण? कुणी दवाखान्यात असलं की. फळ आजाऱ्याचं, फरसाण पाहुण्याचं, अशी वाटणी आपणच करून ठेवली आहे. मुलं हे बघतच मोठी होतात. त्यातून ती काय शिकतात? जे मानाचं, आनंदाचं ते खारट आणि तळलेलं. जे अंगाला चांगलं ते आजारपणाचं, रागावून खायला लावायचं. वर आपण म्हणतो, “आधी दूध पी, मग वेफर्स देईन.” दुधाला शिक्षा केलं, वेफर्सना बक्षीस.

हे मनात किती खोल जातं याचा एक गमतीदार पुरावा आहे. २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना आंब्याची लस्सी दिली होती. लस्सी तीच. पण ज्यांना ती अंगाला चांगली नाही असं वाटलं होतं, त्यांना ती जास्त आवडली. म्हणजे ‘पौष्टिक’ हा शब्द ऐकला की जीभ आधीच तोंड वाकडं करते. आपल्या घरात हे आपण रोज घडवतो. “खा, चांगलं असतं” म्हणत पुढे केलेली वाटी परत येते. तीच वाटी काही न बोलता, छान फोडणी घालून ठेवली तर रिकामी होते.

तिसरी गोष्ट बाजाराची. पुड्यातलं खाणं हे आपल्या आजीच्या चिवड्यासारखं नसतं. ते पातळ, हलकं, कुरकुरीत असतं, चावावं लागत नाही, तोंडात विरघळतं आणि पोटाला खबर लागायच्या आत पुडा संपतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी संशोधन संस्थेने २० माणसांना चार आठवडे आपल्याकडे ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात फार प्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं ताजं खाणं. दोन्हींत मीठ, साखर, स्निग्ध पदार्थ समोर ठेवताना सारखेच ठेवले होते आणि हवं तितकं खायची मुभा होती. तरी प्रक्रिया केलेल्या खाण्याच्या दिवसांत तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. ही हावरट माणसं नव्हती. अशा खाण्यासमोर ‘पुरे’ म्हणणं कुणालाही जड जातं. तेव्हा “एवढासुद्धा मनावर ताबा नाही तुला” असं मुलाला म्हणण्याआधी त्याच्यासमोर पुडा कुणी ठेवला तेवढं बघावं.

आता त्या शब्दाकडे. पुड्यावर हिरवा ठिपका असतो. तो एवढंच सांगतो की आत मांसाहारी काही नाही. ‘जैन’ हा शब्द साधारणपणे एवढंच सांगतो की कांदा, लसूण, बटाटा यांसारखं काही नाही. किती मीठ आहे, कुठलं तेल आहे, कधी तळलंय, यातलं काहीही तो सांगत नाही. आणि आपल्या स्वयंपाकघरातला अनुभव आठवा. कांदा-लसूण नसलं की चव भरून काढायला हात आपोआप हिंग, आमचूर, काळं मीठ, साखर यांच्याकडे वळतो. कारखान्यातला हात वेगळा कशाला वागेल?

मला सगळ्यात जास्त राग येतो तो मर्यादेच्या बाबतीत. दळलेल्या पिठाची मर्यादा आपण किती काटेकोर पाळतो! पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. चौथ्या दिवशीचं पीठ पावसाळ्यात कुणी वापरलं तर सासूबाई भुवया उंचावतात. आणि त्याच घरात त्याच पिठाची, महिन्यापूर्वी तळलेली, नायट्रोजन भरून फुगवलेल्या पुड्यात बंद केलेली शेव येते, तिच्यावर अजून तीन महिन्यांची तारीख असते, आणि ती चालते. का चालते? तर वर ‘जैन’ लिहिलंय. मर्यादेचा विचार ज्यांनी सांगितला त्यांनी पुढे छापखान्यालाही तो अधिकार दिला होता का?

पंचांगाचंही तेच. अष्टमी-चतुर्दशीला आपण हिरवी भाजी सोडतो. दशलक्षणात, पर्युषणात कितीतरी घरांत दहा-दहा, आठ-आठ दिवस हिरवं येत नाही. हेतू काय? जीवदया आणि रसावर ताबा. प्रत्यक्षात काय होतं? त्याच दिवसांत दुकानांतून ‘पर्युषण स्पेशल’ म्हणून फरसाणाची रांग लागते. भाजी सोडली आणि तिची जागा पापडाच्या चुऱ्याने, शेव-टोमॅटोतला टोमॅटो काढून उरलेल्या शेवेने, गाठ्यांनी भरली. जीभ उलट खूश. त्याग झाला तो भाजीचा, रसाचा झालाच नाही. मी नियमाच्या विरुद्ध बोलत नाहीये. मी नियमाच्या बाजूनेच बोलते आहे. हिरवं सोडलेल्या दिवशी मूग आहेत, मटकी आहे, चवळी आहे. बाहेरचे आहारतज्ज्ञ ‘मोड आणा’ म्हणतात, आपल्यापैकी पुष्कळ जणी मोड आलेलं खात नाहीत. हरकत नाही. भिजवा, उकडा, जिरं-हिंगाची फोडणी द्या. दही घालायचं नाही हे तुम्हाला मी सांगायला नको, द्विदल आहे. लिंबू पिळा. लिंबाने मीठ कमी लागतं.

सूर्यास्ताचंही असंच. नोकरी करणाऱ्या मुलीसुनांना संध्याकाळी लोकलमध्ये, बसमध्ये, ऑफिसच्या खुर्चीत घाईघाईने खावं लागतं. व्रत तर पाळायचंय, डबा तर गरम करता येत नाही. मग पिशवीतून पुडा निघतो. या मुलींचं मला कौतुक आहे. पण रात्रिभोजनाचा त्याग म्हणजे रोज संध्याकाळचं जेवण पुड्यातून, असं होऊ लागलं तर घराने त्यांच्या डब्याचा विचार करायला नको का? सकाळी त्यांच्यासाठी जसा दुपारचा डबा भरतो तसा दुसरा छोटा डबा, फुटाणे, दोन केळी, दशमी किंवा धपाटं, एवढं भरणं कुणालाही जमेल. तो डबा सुनेनेच भरावा असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही.

गेल्या चातुर्मासातली एक गोष्ट सांगते, गावाचं नाव नको. मुलांची पाठशाळा सुटत होती. लहान लहान मुलं नमोकार म्हणून रांगेत उभी, आणि दारात प्रभावना म्हणून प्रत्येकाच्या हातात मक्याच्या खारट नळ्यांचा एकेक पुडा. मी तिथल्या ताईंना विचारलं, “हे का?” त्या म्हणाल्या, “ताई, याच्याशिवाय मुलं येत नाहीत.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण विचार करा, आपण त्या मुलांना काय शिकवलं? आत बसून इंद्रियसंयमाचा पाठ, आणि बाहेर पडताक्षणी तो पाठ ऐकल्याबद्दल जिभेला बक्षीस. प्रभावना म्हणजे धर्माचा प्रभाव वाढवणं. इथे प्रभाव कुणाचा वाढला?

मला माहीत आहे, आता तुमचे प्रश्न येतील. “फळं महाग आहेत.” आहेत. पण फुटाणे महाग नाहीत. चुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याच्या लाह्या, भाजलेले बिनखारे शेंगदाणे महाग नाहीत. फरसाणाच्या किलोच्या भावात हे किती येतं ते एकदा वाण्याला विचारा. “मग सणवारी काही करायचंच नाही का?” करा की! भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस म्हणून आपण दिवाळी साजरी करतो, त्या दिवशी घरात चकली झालीच पाहिजे. पण तो फराळ वर्षातून एकदा, घरी, चार बायकांनी मिळून केलेला असायचा, वाटायचा आणि संपायचा. आता शेवेला मुहूर्त लागत नाही. रोज दिवाळी असली की ती दिवाळी राहत नाही. “घरात म्हातारी माणसं आहेत, त्यांना या वयात काय अळणी खायला घालायचं?” एकदम अळणी नकोच. आमटीत, भाजीत दर आठवड्याला चिमूटभर कमी करा, कुणाला कळणारही नाही. बीपी, मूत्रपिंडाचं औषध चालू असेल त्यांच्या बाबतीत मात्र मीठ बंद करणं किंवा बाजारातलं कमी सोडियमचं मीठ आणणं डॉक्टरांना विचारूनच.

मला सर्वांत नवल याचं वाटतं की यासाठी आपल्याला बाहेरून काही शिकायचंच नाही. बाह्य तपांच्या सहा प्रकारांत दुसरं अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणं. चौथं रसपरित्याग. रस कोणते? दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ. मीठ! आज डॉक्टर ज्यासाठी कागद लिहून देतात ते आपल्याकडे तपाच्या यादीत आहे. कितीतरी दिगंबर घरांत रविवारी मीठ सोडायची पद्धत आजही आहे, आणि श्वेतांबर मैत्रिणींचं आयंबिल तर सगळ्यांना माहीतच आहे. घरात जीभ वळवायची एवढी मोठी परंपरा असताना आपण मुलांसमोर म्हणतो, “काय करणार, त्यांना तेच आवडतं.”

तर माझं मागणं थोडकंच आहे. घरात फरसाणाचा डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवा आणि त्याच्या जागी फुटाणे-शेंगदाण्यांचा ठेवा. फळ धुऊन, जमलं तर सोलून, नजरेसमोर ठेवा, आणि सोलायचं काम वाटून द्या. पाहुण्याला एकदा तरी मानाने फळांची ताटली द्या. पुडा आणलाच तर ‘जैन’ शब्दाखाली बोट न थांबवता मागच्या बाजूला सोडियमपर्यंत न्या. आणि पाठशाळेत, महिला मंडळात प्रभावना म्हणून काय द्यायचं हे ठरवताना तुम्ही बैठकीत असाल तर गप्प बसू नका. चिक्की द्या, राजगिऱ्याचा लाडू द्या, खजूर द्या, वही-पेन्सिल द्या. “मुलं येणार नाहीत” असं कुणी म्हणालं तर विचारा, मग ती आजवर कशासाठी येत होती?

वर सांगितलेल्या अभ्यासात जीभ बदलायला दोन-तीन महिने लागले होते. आपला चातुर्मास चार महिन्यांचा असतो. आषाढात सुरुवात केली तर दिवाळीच्या फराळाची चकली तोंडात टाकताना घरातलं कुणीतरी नक्की म्हणेल, “यंदा मीठ जरा जास्तच झालंय का गं?” चकलीत मीठ नेहमीएवढंच असेल.

जय जिनेंद्र.